गिटार नको, ताई

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे, अमेरिकेतल्या एमआयटीचं वेड घेतलंय. तिथे अंगात खास गुण असलेली मुलं घेतात म्हणे. आमच्याकडे अबॅकस, कराटे, वक्तृत्व, चित्रकला मिळून २३ प्रमाणपत्रं आहेत. आता गिटारच्या परीक्षेला बसवू का? वेळ मात्र पुरत नाही. रात्री काकांच्या टॉवेलच्या कारखान्यात जातो, धागा तुटला की माग आपोआप थांबावा म्हणून तारा जोडत बसतो.
– एक आई, अक्कलकोट रोड, सोलापूर

ताई, सांगायची गोष्ट तुम्ही शेवटच्या ओळीत लिहिलीत, तीही तक्रार म्हणून!

एमआयटीच्या अर्जात उपक्रमांसाठी जागा असते चार. २३ प्रमाणपत्रं तिथे मांडणार कुठे? मात्र स्वतः काही बनवणाऱ्यांसाठी ‘मेकर पोर्टफोलिओ’ जोडता येतो. सक्तीचा नसतो, पण तुमच्या मुलाने तो जोडायलाच हवा.

टॉवेलच्या मागावर लूपचा एक धागा तुटला आणि कामगाराची नजर चुकली, की टॉवेलवर बिनलूपची उभी रेघ पडते आणि माल दुय्यम दर्जाचा ठरतो. आधुनिक मागांवर प्रत्येक उभ्या धाग्यावर पातळ धातूची पट्टी असते. धागा तुटला की ती पडते, सर्किट जुळतं, माग थांबतो. जुन्या मागावर हे बसवायचं तर कापसाची धूळ साचून सर्किट जुळत नाही, किंवा धागा नुसता सैल पडला तरी माग उगाच थांबतो. यातून त्याने वाट कशी काढली, ते पोर्टफोलिओत दिसू दे. जळलेला बोर्ड, वहीतली खोडलेली आकृती, सगळ्याचे फोटो हवेत. व्हिडिओ मिनिटभराचाच : धागा तुटतो, माग थांबतो. वर गाणं चढवू नका, खटखट ऐकू येऊ दे. (चालत्या मागात हात नको, काका शेजारी हवेत.) शिवाय महिनाभर वहीत रोजची नोंद : या मागावर किती टॉवेल बिघडले, शेजारच्यावर किती.

शिक्षकांची पत्रं दोन लागतात, एक गणित किंवा विज्ञानाचं, दुसरं भाषा किंवा सामाजिक शास्त्राचं. फिजिक्सच्या सरांना एकदा शेडवर न्या, नाहीतर ‘हुशार व आज्ञाधारक’ एवढंच लिहून देतील.

सॅट किंवा एसीटी, यांपैकी एक अमेरिकी प्रवेश परीक्षा सक्तीची आहे आणि गणित कच्चं असेल तर माग कितीही वेळा थांबवला तरी उपयोग नाही. परदेशी अर्जदारांत शंभरातल्या जेमतेम दोघांना प्रवेश मिळतो, तेव्हा जेईई सोडू देऊ नका. खर्चाचं म्हणाल तर प्रवेश ठरवताना ते ऐपत बघत नाहीत, आणि घरच्यांना झेपत नाही तेवढी मदत देतात.

लवकरच्या फेरीचा अर्ज बारावीत, १ नोव्हेंबरपर्यंत. गिटारची फी भरली असेल तर परत मागा आणि आज रात्री त्याच्याबरोबर कारखान्यात जा. व्हिडिओ तुम्हीच काढा. फोनमधली जागा तेवढी आधी रिकामी करून घ्या.