थाकसिन पडले कसे?

प्रश्न : थायलंडमध्ये गावाकडच्या लोकांनी पंतप्रधान थाकसिन शिनावात्रांना एवढं डोक्यावर घेतलं होतं, मग ते पडले कसे?

उत्तर : डोक्यावर घेतलं ते उगाच नाही हो. २००१ ला सत्तेत आल्यावर त्यांनी सरकारी दवाखान्यात फक्त ३० बाहतमध्ये (बाहत म्हणजे तिथलं चलन) उपचार सुरू केले, ईशान्येकडच्या ईसानसारख्या गरीब भागात आजारपणासाठी कर्ज काढणाऱ्या घरांना हे केवढं मोठं वाटलं असेल! माझ्या मते हे काम खरंच चांगलं होतं. पण ड्रग्जविरोधी मोहिमेत दोन हजारांहून जास्त माणसं मेली, त्याला माफी नाही. मग जानेवारी २००६ मध्ये त्यांच्या फॅमिलीने आपल्या टेलिकॉम कंपनीचे शेअर सिंगापूरच्या सरकारी कंपनीला विकले, टॅक्स भरला नाही, बँकॉकमध्ये लोक रस्त्यावर उतरले आणि सप्टेंबरमध्ये ते न्यूयॉर्कला असताना लष्कराने खुर्ची काढून घेतली.