‘अत्ता’ आणि ‘अनत्ता’: आत्मा नाही की आत्मा नव्हे?

प्रश्न असा आहे: बुद्धांनी आत्मा नाकारला असे आपण वाचतो, आणि धम्मपदात, म्हणजे बुद्धवचनांच्या पाली गाथासंग्रहात तर (गाथा 160) ‘अत्ता हि अत्तनो नाथो’ असे स्पष्ट म्हटले आहे. अत्ता म्हणजे आत्मा. मग जो नाहीच, तो नाथ कसा?

इथला ‘अत्ता’ तत्त्वज्ञानातला आत्मा नाही. संस्कृत ‘आत्मन्’ आणि पाली ‘अत्ता’ हे दोन्ही शब्द ‘स्वतः’ या साध्या अर्थाने सर्रास वापरले जातात. गीतेतले ‘आत्मैव ह्यात्मनो बन्धुः’ त्याच वळणाचे आहे. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपले ‘आपण’, ‘आपला’ हे शब्द प्राकृतातून त्याच ‘आत्मन्’पासून आले आहेत. ‘आपले आपण बघू’ म्हणताना कोणी अमर आत्म्याची ग्वाही देत नसतो. म्हणून गाथेचे सरळ मराठी ‘आपणच आपला नाथ, दुसरा कोण असणार?’ असे होईल.

त्याच ग्रंथात गाथा 62 आहे: ‘पुत्ता मत्थि धनं मत्थि, इति बालो विहञ्ञति, अत्ता हि अत्तनो नत्थि, कुतो पुत्ता कुतो धनं.’ माझे पुत्र, माझे धन म्हणत मूढ माणूस कष्टी होतो. जिथे आपणच आपले नाही, तिथे पुत्र कुठले आणि धन कुठले? एकीकडे ‘अत्तनो नाथो’, दुसरीकडे ‘अत्तनो नत्थि’. दोन्हीकडे अत्ता म्हणजे ‘आपण’च. पहिली गाथा जबाबदारीबद्दल बोलते, दुसरी मालकीबद्दल. मला ही जोडी फार मोलाची वाटते: स्वतःला वळण लावायचे काम आपलेच, पण म्हणून आपण स्वतःच्या मालकीचे होत नाही.

आता ‘अनत्ता’. खरा गोंधळ इथे आहे, आणि त्याला आजची मराठीही थोडी कारण आहे. सारनाथला पाच भिक्खूंना केलेल्या दुसऱ्या उपदेशात, अनत्तलक्खणसुत्तात, ‘रूपं भिक्खवे अनत्ता’ असे वाक्य येते (रूप म्हणजे भौतिक देह). पुढे वेदना (सुखदुःखाची संवेदना), सञ्ञा (ओळखणे), सङ्खार (मनाचे संस्कार) आणि विञ्ञाण (जाणीव) यांच्याबद्दलही तेच. रूपासह हे पाच खंध, म्हणजे माणूस ज्यांचा बनलेला आहे ते घटक. व्याकरण नीट पाहा. ‘रूपं अनिच्चं’ (रूप अनित्य आहे) म्हणताना अनिच्चं हे विशेषण रूपाप्रमाणे नपुंसकलिंगी होते. ‘रूपं अनत्ता’मध्ये मात्र अनत्ता बदलत नाही, कारण ते नाम आहे. अर्थ ‘रूप आत्म्याविना आहे’ असा नाही, तर ‘रूप हे आत्मा नव्हे’ असा.

मराठीत यासाठी दोन वेगळी क्रियापदे होती आणि अजून आहेत. ‘साप नाही’ आणि ‘हा साप नव्हे’ यांत केवढा फरक! पहिले वाक्य अस्तित्व नाकारते, दुसरे ओळख. हल्ली ‘नव्हे’ मागे पडून दोन्हीकडे ‘नाही’च येते, आणि ‘रूप आत्मा नाही’ वाचताना मन नकळत ‘आत्मा नाही’कडे घसरते. माझा आग्रह आहे की या सुत्ताच्या अनुवादात ‘नव्हे’च हवे. बुद्धांचा युक्तिवादही ओळखीबद्दलच आहे: रूप हा आत्मा असता, तर ‘माझे रूप असे असो, असे नसो’ म्हणून त्यावर हुकूम चालला असता. तो चालत नाही. जे अनित्य, दुःखरूप आणि बदलणारे, त्याकडे ‘हे माझे, हा मी, हा माझा आत्मा’ म्हणून पाहणे योग्य का? ‘नो हेतं, भन्ते’ (नाही, भन्ते), भिक्खू उत्तरतात.

मग पाच खंधांच्या पलीकडे कुठेतरी आत्मा शिल्लक ठेवला आहे का? ‘नव्हे’चा असा लाभ घेणारे आहेत, मला ते पटत नाही. धम्मपदाच्या गाथा 277 आणि 278 मध्ये ‘सब्बे सङ्खारा’ (घडलेल्या सर्व गोष्टी) अनित्य आणि दुःख म्हटले आहेत. 279 मध्ये मात्र शब्द बदलून ‘सब्बे धम्मा अनत्ता’ (सर्व धम्म, म्हणजे सर्वच गोष्टी, आत्मा नव्हेत) असे येते. ‘धम्मा’ची व्याप्ती मोठी, पाली ग्रंथ मानणारी थेरवाद परंपरा त्यात निब्बाणही (निर्वाणही) धरते. पलीकडे ठेवायला जागाच उरत नाही.

तरीही ‘आत्मा आहे का?’ असे वच्छगोत्त नावाच्या परिव्राजकाने थेट विचारले तेव्हा बुद्ध गप्प राहिले. ‘मग नाही का?’ तेव्हाही गप्प. नंतर त्यांनी आपला शिष्य आनंद याला कारण सांगितले: ‘आहे’ म्हटले असते तर शाश्वतवाद्यांची (आत्मा अमर मानणाऱ्यांची) बाजू घेतल्यासारखे झाले असते, ‘नाही’ म्हटले असते तर उच्छेदवाद्यांची (मरणाबरोबर सारे संपते म्हणणाऱ्यांची), आणि आधीच गोंधळलेला वच्छगोत्त ‘पूर्वी माझा आत्मा होता, आता तो राहिला नाही’ असे समजून आणखीच गोंधळला असता.

जाता जाता: ‘अत्त दीप भव’ हे रूप लोकप्रिय असले तरी महापरिनिब्बानसुत्तातले शब्द ‘अत्तदीपा विहरथ अत्तसरणा अनञ्ञसरणा’ असे आहेत: आपणच आपले ‘दीप’, आपणच आपले शरण होऊन राहा, दुसऱ्याला शरण जाऊ नका. तिथलाही ‘अत्त’ म्हणजे ‘आपण’च. पालीत ‘दीप’ म्हणजे दिवा आणि बेट दोन्ही. पुढेच ‘सरण’ असल्याने मला ‘बेट’ हा अर्थ अधिक जुळणारा वाटतो.