'प्रकाशवाहक' म्हणजे कोण?

प्रश्न असा : फायबरच्या जाळ्यातून प्रचंड वेगाने माहिती पाठवण्यासाठी एकाच लेझरपासून अनेक 'ऑप्टिकल कॅरियर', म्हणजे माहिती वाहून नेणारे प्रकाशतरंग, तयार करतात. त्याला 'बहुप्रकाशवाहक निर्मिती' म्हटलेलं चालेल का?

मला तरी ते पटत नाही. विग्रह करून पाहा. मालवाहक म्हणजे माल वाहणारा, संदेशवाहक म्हणजे संदेश वाहणारा. मग प्रकाशवाहक म्हणजे प्रकाश वाहणारा, आणि तो तर काचेचा तंतू झाला! इथे प्रकाशाच्याच पाठीवर माहिती लादलेली असते. रेडिओच्या संदर्भात 'वाहक तरंग' रुळलेला आहे. त्याच चालीवर 'वाहक प्रकाशतरंग' म्हणावं. नुसतं 'वाहक' नको, विजेच्या धड्यात तो शब्द तांब्याच्या तारेला लागतो.

यातच 'फ्रीक्वेन्सी कॉम्ब', म्हणजे सारख्या अंतरावरच्या अनेक वारंवारतांची रांग, येतो आणि बरेच जण तिथे 'कंगवा' लिहितात. मी 'फणी'च्या बाजूचा. का, ते सांगतो. वेगवेगळे लेझर लावले तर प्रत्येकाची वारंवारता आपापली थोडीथोडी सरकते, म्हणून शेजारच्या दोन तरंगांमध्ये मोकळी जागा सोडावी लागते. त्याऐवजी एकाच लेझरचा प्रकाश लिथियम नायोबेटच्या मॉड्युलेटरमधून (विद्युतसंकेतानुसार प्रकाशात बदल करणाऱ्या उपकरणातून) नेला आणि त्या उपकरणाला समजा २५ गिगाहर्ट्झचा विद्युतसंकेत दिला, तर मूळ वारंवारतेच्या दोन्ही अंगांना बरोबर २५-२५ गिगाहर्ट्झवर नव्या वारंवारता तयार होतात, आलेखावर त्या रेषांसारख्या उमटतात. मूळ लेझर सरकला तर सगळी रांगच सरकते, मधलं अंतर मात्र तेवढंच राहतं.

आता हातमागावरची फणी आठवा. ताण्याचे धागे तिच्या फटींतून ओवलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतर तीच राखते. कंगव्याचे दाते एकीकडे विरळ, दुसरीकडे दाट असले तरी तो कंगवाच. फणी म्हटलं की सारखेपणा आलाच. म्हणून 'वारंवारता-फणी'. (या तंत्रातल्या कामासाठी जॉन हॉल आणि थिओडोर हेन्श यांना २००५ च्या भौतिकीच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.)

आणखी एक. आलेखावरच्या त्या रेषांना 'दात' लिहू नका. दात तोंडात असतात; करवतीला आणि फणीला असतात ते दाते, एकवचन 'दाता'. तेव्हा वाक्य असं होईल : 'एका लेझरपासून वारंवारता-फणी तयार केली, गाळणी लावून तिचे दाते वेगळे केले आणि प्रत्येक दाता स्वतंत्र वाहक प्रकाशतरंग म्हणून वापरला.'