मराठी मालिकांतल्या नायिका खरंच बदलल्या आहेत का?

बदलल्या, पण अर्ध्याच. पूर्वीची सून सोसून जिंकायची. आता ती व्यवसाय करून जिंकते, एवढाच काय तो फरक. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ (2016) घ्या. राधिका मसाल्यांचा धंदा उभारते, म्हणजे कर्तबगारीसुद्धा स्वयंपाकघरातूनच यायला हवी! समोर शनाया: फॅशनचे कपडे, नखरे, दुसऱ्याच्या नवऱ्यावर डोळा. कपड्यांवरून चारित्र्य ओळखायची ही सोय लेखकांना फारच आवडते. साडी-मंगळसूत्र म्हणजे सोशीक, मोकळे केस म्हणजे कारस्थानी.

‘आई कुठे काय करते’मधली (2019) अरुंधती मात्र त्यातल्या त्यात पुढे गेली. मूळ बंगाली मालिकेवरून घेतलेल्या या कथेत पंचवीस वर्षं घर सांभाळणारी बाई घटस्फोट घेते, गाणं पुन्हा हाती घेते आणि दुसरं लग्नही करते. ‘अग्गंबाई सासूबाई’त तर सासूच्या लग्नासाठी सूनच खटपट करते. हे दहा-पंधरा वर्षांपूर्वी मुख्य कथानक म्हणून कुणी घेतलं असतं असं मला वाटत नाही. त्याच मालिकेतली एक गंमत पाहा. सासू आसावरी घरी रांधते तेव्हा ते तिचं कर्तव्य, तिचा होणारा नवरा अभिजित राजे रांधतो तेव्हा तो नामांकित शेफ.

पुरुषांबद्दल कुणी फारसं बोलत नाही. राधिकाचा नवरा गुरुनाथ काय, अरुंधतीचा नवरा अनिरुद्ध काय, दोघं बाहेरख्याली, आणि तरी भांडण मुख्यतः दोन बायकांतच रंगवलं जातं. रोजचा भाग त्यावरच तर चालतो.