वाचकांचे प्रश्न: विमान कापून नका आणू, खोलून आणा

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ हे लढाऊ जेट वायुसेनेतून निवृत्त झालं, तेव्हापासून ह्या सदराला विमानांचीच पत्रं जास्त यायलीत. शाळा, कॉलेजं, माजी सैनिकांच्या संघटना, सगळ्यांना वाटायलंय की आपल्या गावातही एक जेट उभं रहावं. मला ह्याचा मनापासून आनंद आहे, कारण आपल्याकडच्या पोरांना असं विमान हात लावण्याइतकं जवळून बघायचं म्हणलं तर लांबचा प्रवास करावा लागतो. मी वायुसेनेत एअरफ्रेमच्या, म्हणजे विमानाच्या सांगाड्याच्या कामात होतो म्हणून संपादकांनी ही पत्रं माझ्याकडं दिली. त्यातली काही निवडून उत्तरं देतोय.

प्रश्न: आमच्या संस्थेला जुनं मिग-२१ मिळायची शक्यता आहे. इथला ट्रान्सपोर्टवाला म्हणतो पंख मुळापासून गॅसकटरनं कापू, एकाच ट्रेलरवर बसेल, इथं आल्यावर वेल्डिंग मारू. खर्च निम्म्यावर येईल म्हणतो. चालेल का? (संस्थाचालक, लातूर जिल्हा)

अजिबात नका करू. पहिली गोष्ट, मिग-२१ च्या पंखात इंधनाच्या टाक्या असतात, पंखाच्या आतली जागाच टाकी म्हणून वापरलेली असते, आणि टाकी रिकामी दिसली तरी वाफ आत राहतेच, तिथं गॅसकटर लावला तर माणूस जाईल. दुसरं म्हणजे विमानाचं अॅल्युमिनियम आपल्या खिडकीच्या चौकटीचं नसतं, त्या मिश्रधातूवर वेल्डिंगचा धड जोड बसत नाही, बसला तरी आजूबाजूची ताकद जाते. आणि पंखाच्या आत आडवा जाणारा स्पार म्हणजे घराचं आढं समजा, ते एकदा तोडलं की वरून कितीही पट्ट्या मारा, ते विमान संग्रहालयाच्या कामाचं राहत नाही, नुसता आकार उरतो.

आणि कापायची गरजच काय? हे विमान खोलता यावं असंच बनवलंय. पंख बोल्टांवर बसलेत. मागचं अर्धं धड अख्खं सुटं होतं, कारण इंजिन बदलायला तेच काढतात. पंखांचा विस्तार ७.१५ मीटर आणि धड अरुंद, त्यामुळं पंख आणि शेपूट उतरवलं की राहिलेला भाग लो-बेड ट्रेलरवर आरामात बसतो. विशाखापट्टणमला नौदलाचं टीयू-१४२ बघा, ५० मीटर पंखांचं अवाढव्य विमान, तेही २०१७ मध्ये सुटे भाग करून रस्त्यानं समुद्रकिनाऱ्यावर नेलं आणि परत जोडून त्याचं संग्रहालय केलं. तिथं जमलं तर आपल्या सात मीटरला काय अवघड आहे.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मिगच्या मागच्या चाकांचे पाय पंखाला जोडलेले असतात, म्हणजे पंख उतरवले की धडाला मागं आधारच राहत नाही. म्हणून पंखाच्या बोल्टाला पाना लावायच्या आधी धडाखाली लाकडी किंवा लोखंडी पाळणा तयार पाहिजे, आत जाड रबर किंवा नमदा लावून, आणि त्याचा टेकू आतल्या फ्रेमच्या (धडाला आकार देणाऱ्या कड्याच्या) बरोबर खाली आला पाहिजे, दोन फ्रेमच्या मधे आला की पत्रा आत जातो. इंजिन हजार किलोच्या वर वजनाचं, ते काढलं की विमानाचा तोल पुढं सरकतो, तेव्हा हायड्रा क्रेनवाल्याला सांगा की काल जिथं पट्टा बांधला तिथंच आज बांधायचा नाही. लोखंडी साखळी तर नकोच, रुंद कापडी पट्टेच वापरा.

बोल्ट जाम असतील, असणारच. गंज सोडवणारं तेल टाकून दोन-चार दिवस मुरू द्या, घाई करू नका, घणाचा विचारही करू नका. निघालेला प्रत्येक बोल्ट-वॉशर पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो, भरपूर फोटो. नसता इथं आल्यावर पोतंभर सामान समोर आणि काय कुठं बसवायचं कुणालाच माहीत नाही, असं होतं. ओझरला एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) पूर्वी जिथं मिग बनायची तो कारखाना आणि वायुसेनेचा दुरुस्ती डेपो दोन्ही, त्यामुळं नाशिक भागात हे काम हातानं केलेले निवृत्त लोक भरपूर सापडतील. ट्रान्सपोर्टवाल्याला शोधायच्या आधी त्यांच्यातला एक शोधा. आठवडाभर त्यांची राहायची-जेवायची सोय करा, मानधन द्या, निम्मा खर्च तिथंच वाचेल.

प्रश्न: आमच्याकडं विमान खांबावर तिरकं, उड्डाण घेतल्यासारखं लावायचं ठरतंय. जमीन भारी काळी आहे. काही अडचण? (माजी सैनिक, परभणी)

दादा, अडचण जमिनीचीच आहे. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, दरवर्षी हा खेळ, आणि तिच्यावर उथळ पाया घातला तर चौथरा कलणार म्हणजे कलणारच. काळी माती संपून पक्का मुरूम लागेपर्यंत खाली जा, किंवा बुडाशी फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब घाला, रूडकीच्या सीबीआरआयनं (केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं) ही पद्धत अशाच जमिनीसाठी बसवलीय. स्ट्रक्चरल इंजिनियरची सही असल्याशिवाय काम सुरू करू नका.

पण खरं विचाराल तर खांबावर लावूच नका. पंख हा वाऱ्यावर उचलला जाण्यासाठीच बनवलेला असतो, वळवाच्या पावसाआधीचं वादळ आलं की तो खांबाला हिसके देणार, वर्षानुवर्षं. वर चढवलेल्या विमानाची देखभाल पण होत नाही, क्रेन बोलवायची म्हणून लोक टाळतात. खाली जमिनीवर, चाकांवर ठेवा, आणि वजन टायरवर न देता जॅकच्या जागी पक्के स्टँड लावा, टायर नुसते टेकलेले दिसू द्या. पैसे असतील तर खांबाच्या पैशात मोंढ्यात असतं तसं चारी बाजूंनी मोकळं पत्र्याचं शेड टाका. रंगरंगोटी नंतर केली तरी चालेल, छत आधी. ब्रिटनमध्ये रॉयल एअर फोर्सनं आपल्या तळांच्या गेटवर उभी केलेली दुसऱ्या महायुद्धातली खरीखुरी स्पिटफायर विमानं १९८० च्या दशकाच्या शेवटी उतरवली आणि तिथं फायबरग्लासच्या प्रतिकृती लावल्या, कारण उघड्यावर खरी विमानं खराब होत होती. तिकडं ऊन किती, आपल्याकडं मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत पत्र्याला हात लावून बघा.

प्रश्न: आमच्या आवारात जुनं जेट खूप वर्षं उघड्यावर उभंय. रंग उडालाय, काच पांढरी पडलीय. पोरं म्हणायलीत सँडब्लास्टिंग करून चकाचक पेंट मारू. गावाचं नाव छापू नका.

पोरांचा उत्साह छान आहे, त्यांना नाराज करू नका पण सँडब्लास्टिंग थांबवा. वाळूनं पातळ पत्रा वाकतो आणि गंजापासून वाचवणारा वरचा थर पण निघून जातो. आधी पाणी आणि सौम्य साबण, मऊ ब्रश. मग पोटाखाली वाकून बघा, पाणी बाहेर जायची बारीक भोकं असतात, ती माती आणि पक्ष्यांच्या घरट्यांनी बुजलेली असणार. ती मोकळी करा. मला विचाराल तर रंगापेक्षा हे काम मोठं, कारण विमान आतून सडतं ते साठलेल्या पाण्यानं, आणि जिथं पोलादी बोल्ट अॅल्युमिनियमला टेकतो तिथं ओल मिळाली की अॅल्युमिनियम पांढरी भुकटी होऊन झडत जातं. इंजिनची तोंडं पुढून-मागून जाळीनं बंद करा, नसता मधमाश्या आणि उंदीर.

जुन्या रंगाच्या तळाशी पिवळट हिरवा प्राइमर दिसला तर तो क्रोमेटचा असतो, त्याची धूळ कॅन्सरला कारण होते. कोरडं घासायचं नाही, पाणी लावून घासायचं, चांगला मास्क घालायचा, आणि शाळेतल्या लहान पोरांच्या हातात हे काम द्यायचंच नाही.

आणि सगळं घासून टाकायच्या आधी एक करा. शेपटीजवळ तळहाताएवढी जागा बारीक पॉलिश पेपरनं ओली घासत जा, हळूहळू, एकेका थराचं कडं उघडं पडत जाईल, वर करडा असेल, खाली कॅमोफ्लाजचा हिरवा-तपकिरी, त्याच्याखाली कदाचित नुसता चकचकीत धातू. आपली सुरुवातीची मिग-२१ चंदेरीच होती, १९७१ च्या युद्धाच्या सुमारास त्यांच्यावर कॅमोफ्लाज चढलं. असंच घासताना जुना नंबर, स्क्वाड्रनचं चिन्ह सापडू शकतं, आणि मग ते विमान कुठं-कुठं होतं ते शोधता येतं. हे मिळालं तर मला फोटो पाठवाच. रंग त्या पुराव्यावरून ठरवा, पेंटरच्या मनानं नको. वायुसेनेच्या गोलात बाहेर केशरी, मधे पांढरा, आत हिरवा असतो, ते उलटं रंगवू देऊ नका.

काचेचं म्हणाल तर ती काच नसून अॅक्रेलिक आहे. थिनर, पेट्रोल, अॅसिटोन काही लावू नका, जाळीजाळीच्या भेगा पडतात. उन्हापासून वाचवायला पांढऱ्या सुती कापडाचं आवरण घाला, ताडपत्री थेट नको, आत वाफ धरते.

प्रश्न: विद्यार्थ्यांना कॉकपिटमध्ये बसवून फोटो काढू द्यावेत का? (शिक्षिका, हिंगोली)

ताई, बसवावंसं वाटतं हे अगदी समजतंय, पण दोन गोष्टींची लेखी खात्री झाल्याशिवाय नाही. इजेक्शन सीटखाली (संकटात वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या खुर्चीखाली) स्फोटक काडतुसं असतात, कॅनॉपी म्हणजे कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण उडवायची वेगळी. देताना वायुसेना ती काढूनच देते, पण विमान दुसऱ्या-तिसऱ्या हातातून आलं असेल तर गृहीत धरू नका, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वायुसेनेला लिहून त्यांच्या शस्त्रास्त्र विभागाच्या माणसाकडून तपासून घ्या. तोवर सीटच्या लाल हँडलला हात नको.

दुसरं रेडियम. त्या काळातल्या कित्येक विमानांच्या घड्याळांवर आणि मीटरांवर अंधारात चमकणारा रंग असायचा, त्यात रेडियम. चमक कधीच गेलेली असते, पण रेडियमचा अर्धायुष्यकाळ १६०० वर्षं आहे, किरण चालूच असतात. काच शाबूत असेल तर लांबून बघायला फार धोका नाही, मात्र मीटर उघडायचे नाहीत, खरवडायचे नाहीत, फुटलेला असेल तर हात लावू नका. फिजिक्सचा विभाग असलेल्या कॉलेजकडं गायगर काउंटर (किरण मोजायचं यंत्र) असू शकतो, मोजून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे बाजूला शिडी आणि छोटा प्लॅटफॉर्म करा, मुलं वरून आत वाकून बघतील.

प्रश्न: नीट दुरुस्त केलं तर ते परत उडेल का? (इयत्ता नववी, जालना)

नाही रे बाळा, वायुसेना देताना ते उडण्यालायक ठेवत नाही, आणि संग्रहालयाची दुरुस्ती वेगळी असते, तिथं मूळ भाग जपायचे असतात, उडवायचं तर तेच भाग बदलावे लागतात. पण मोठ्या सुट्टीत घरच्यांना घेऊन एखादं संग्रहालय बघ. दिल्लीत पालमला वायुसेनेचं आहे, गोव्यात बोगमाळोला नौदलाचं, बेंगळुरूला एचएएलचं, आणि मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मारुत उभं आहे, भारतातच आराखडा करून बनवलेलं पहिलं लढाऊ जेट, १७ जून १९६१ ला पहिल्यांदा उडालेलं. बघायला गेलास की पंख धडाला कुठं जोडलाय तिथला जोड नीट बघ आणि बोल्ट कुठं-कुठं दिसतात ते वहीत काढून मला पाठव.