पुण्यात दुसरा फ्लॅट घेऊन भाड्याने देणं परवडतं का? करार करताना काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की ६० लाखांचा टू बीएचके घ्यायचा, त्यातले ४० लाख कर्जाचे, भाडं २०,००० येईल आणि त्यातून हप्ता निघेल. नाही निघणार. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी ४० लाखांचा हप्ता ३४,७०० च्या आसपास बसतो. शिवाय घर ६० लाखांत पडत नाही. पुण्यात मेट्रोचा अधिभार धरून मुद्रांक शुल्क सात टक्के (बाईच्या नावावर एक टक्का कमी), नोंदणीचे ३०,०००, वर किचन ट्रॉली, गीझर, पंखे, जाळ्या. ६६ लाख धरा.

आता वर्षाची आवक. भाडं अकरा महिन्यांचंच मोजा, एक महिना रिकामा जातोच. म्हणजे २,२०,०००. त्यातून मेंटेनन्सचे ३०,०००, मिळकतकराचे १२,०००, दलाली आणि करार मिळून १३,०००, डागडुजीचे १५,००० वजा केले की हातात दीड लाख. ६६ लाखांवर सव्वादोन टक्के. जागेची किंमत वाढेल म्हणून घेत असाल तर जरूर घ्या, पण भाड्याच्या भरवशावर नको. आणि घेतलाच तर दोन हजार जास्त भाड्यासाठी दोन महिने फ्लॅट रिकामा ठेवू नका. वर्षाला २४,००० मिळवायला ४०,००० घालवण्याचा तो हिशेब आहे.

कराराबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक घरमालक इथेच फसतात. ‘अकरा महिन्यांचा केला की नोंदणी लागत नाही’ हे महाराष्ट्रात खरं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तुमच्यावर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते ती वेगळीच. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून घेणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावं.

खर्च तरी किती? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के, या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क. २०,००० भाडं, ६०,००० डिपॉझिट, अकरा महिने, म्हणजे साधारण पावणेसहाशे रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, त्याची फी वेगळी. दोन्ही बाजूंचे आणि दोन साक्षीदारांचे आधार तयार ठेवा. आधारवरचं नाव आणि पॅनवरचं नाव जुळतं का ते आदल्या दिवशीच बघा.

दस्त ‘लिव्ह अँड लायसन्स’चाच (म्हणजे ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी) असू द्या, भाडेपट्ट्याचा नको. मुदत संपूनही माणूस जागा सोडत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेला अधिकारी) अर्ज करता येतो. समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याला प्रतिज्ञापत्र देऊन बाजू मांडायची परवानगी घ्यावी लागते, आणि जादा राहिलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई मागता येते. दिवाणी दाव्याच्या मानाने हा रस्ता खूप जवळचा. मात्र मुदत संपल्यावर ‘राहा हो, बघू नंतर’ म्हणत नवा करार न करता भाडं घेत राहिलात तर समोरच्याला वाद घालायला जागा मिळते. चिडून त्याचं पाणी किंवा वीज तोडलीत तर गुन्हा तुमच्यावर.

माणूस चांगला असेल तर ३३ महिन्यांचा करार करा, दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ आणि एक महिन्याची नोटीस लिहा. दर वर्षीची दलाली वाचते. नोकरदार असेल तर तीन महिन्यांच्या पगारपावत्या बघा. भाडं पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त नको.

पोलिसांना भाडेकरूची माहिती ऑनलाइन देता येते, त्याची पोच आणि कराराची प्रत सोसायटीत द्या. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क लावते, ते सेवाशुल्काच्या (मेंटेनन्समधला एक भाग) १० टक्क्यांपर्यंतच घेऊ शकते. पूर्ण मेंटेनन्सवर किंवा मिळकतकरावर लावत असतील तर हरकत घ्या. आणि हो, पुणे महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांना असलेली ४० टक्के सवलत भाड्याने दिलेल्या घराला नाही. तो फरक वरच्या १२,००० मध्ये धरलाय.

ताबा देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ आणि मीटरचा फोटो. बाथरूमच्या मागच्या भिंतीला हात लावून बघा. ओल असेल तर रंगावर पैसे घालू नका, पहिल्या पावसात पापुद्रे सुटतील. आधी टाइल्सचे सांधे इपॉक्सीने भरा, नहाणी ट्रॅप (बाथरूमच्या सांडपाण्याची जाळी आणि त्याखालचं भांडं) तपासा. टँकरचं जड पाणी असेल तर गीझरच्या कॉइलवर क्षार बसतात, वर्षातून एकदा साफ करून घ्या. हे काम कुणाचं ते करारातच लिहा, नाहीतर कॉइल जळल्यावर भांडण ठरलेलं.

प्राप्तिकराचं थोडक्यात: भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, बिलं लागत नाहीत. कर्जाचं व्याजही वजा होतं, पण नव्या करप्रणालीत त्यातून झालेला तोटा पगारातून वजा करता येत नाही. फ्लॅट परदेशातल्या भावाच्या नावावर घेणार असाल तर भाडेकरूला भाडं देतानाच त्यातून टीडीएस (आगाऊ प्राप्तिकर) कापावा लागतो. हे ऐकून बरेच भाडेकरू दुसरं घर बघतात.

डिपॉझिट चावी मिळेल त्या दिवशी परत करा, फक्त शेवटच्या वीजबिलापुरती रक्कम मागे ठेवा. महावितरणचं बिल नंतर येतं आणि कनेक्शन तुमच्या नावावर असतं.