इंग्रजीत शोधणे आणि शिकार यांसाठी इतके शब्द का आहेत, आणि ते पाठ कसे करायचे?

स्पर्धा परीक्षेची तयारी करताना तुम्हाला हंट, सर्च, सीक, लुक फॉर, चेस, ट्रॅक, स्काउर अशी यादी मिळाली. सगळ्यांपुढे ‘शोधणे’ एवढंच लिहिलंय, आणि ती पाठ करायची सोपी युक्ती तुम्ही विचारताय. शिवाय मराठीत एकच शब्द असल्यामुळे आपल्याला हे जड जातं, असंही म्हटलंय.

ती यादी फाडून टाका. आणि मराठीत एकच शब्द आहे, हे तर साफ चूक आहे.

मी नाशिकला सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या कामाची भाषांतरं करते. जबाब, पंचनामे, आदेश, नोटिसा. ‘सर्च’ रोज हाताखालून जातो आणि नवीन मुलंमुली रोज त्यावर अडखळतात. ‘सर्च द हाउस’ म्हणजे घराची झडती घेणे. ‘सर्च फॉर द हाउस’ म्हणजे घर कुठे आहे ते शोधत फिरणे. ‘द पोलीस सर्च्ड हिम’ म्हणजे त्याची अंगझडती घेतली, म्हणजे माणूस पोलिसांसमोर उभा होता. ‘सर्च्ड फॉर हिम’ म्हटलं की तो पोलिसांना मिळत नव्हता. जबाबात ‘फॉर’ आहे की नाही, यावर आरोपी हजर होता की फरार, हे ठरतं. तुमच्या यादीत दोन्हींपुढे ‘शोधणे’.

पण मी हे उत्तर ‘सर्च’साठी लिहायला घेतलेलं नाही. ‘हंट’साठी घेतलंय.

माझं माहेर निफाड तालुक्यात, गोदाकाठी. सगळा ऊस. उसात बिबट्या राहतो, तिथेच त्याची मादी विते, ऊसतोड सुरू झाली की बछडी सापडतात. यात आमच्याकडे कुणाला नवल वाटत नाही. काही वर्षांपूर्वी अशाच तोडीच्या दिवसांत एका बिबट्याने आधी कुत्री नेली, मग गोठ्यातलं वासरू, आणि एका संध्याकाळी शेतातून घरी निघालेल्या बाईवर झडप घातली. बाई वाचली, पण मानेला आणि खांद्याला टाके पडले. गाव चिडलं, रस्त्यावर बसलं. मग वरून आदेश आला, इंग्रजीत, आणि त्याची पीडीएफ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली.

माझा एक चुलतभाऊ आहे, वयाने मोठा, मी दादाच म्हणते. तो इंग्रजीचे क्लास घेतो. समानार्थी शब्दांच्या याद्या ही त्याची खासियत, तुमच्या हातात आहे तशाच. त्याने पीडीएफमधला ‘परमिशन टू हंट’ एवढा तुकडा उचलला आणि ग्रुपवर लिहिलं, ‘बिबट्याच्या शिकारीस परवानगी मिळाली आहे.’

रात्री वडिलांचा फोन आला. “अगं, दादाने टाकलंय ते खरं आहे का? पोरं फास लावायला निघालीत.” क्लच वायरचे फास. कुणीतरी मटणात कीटकनाशक घालायच्या गोष्टी करत होतं. मी पीडीएफ मागवून घेतली आणि वाचली. आदेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ खालचा होता, आणि त्यात सरळ लिहिलं होतं की हे ‘हंट’ पकडण्यापुरतं आहे, पिंजरा लावून किंवा भूल देऊन, आणि तेही वनविभागाच्या पथकाने.

यातली मेख समजून घ्या. १९७२ च्या त्या कायद्यात ‘हंटिंग’ची व्याख्या कलम २ (१६) मध्ये दिलेली आहे. मारणं आणि विष घालणं त्यात आहेच. पण पकडणं, फास लावणं, सापळा लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं हेही त्यात आहे, आणि यातल्या कशाचाही नुसता प्रयत्न केला तरी ते ‘हंटिंग’च. म्हणून वनविभागाला साधा पिंजरा लावायचा झाला तरी कागदावर ‘हंट’ची परवानगी घ्यावी लागते. त्याच कलम ११ मध्ये पुढे अट आहे: प्राणी पकडता येत नाही, बेशुद्ध करता येत नाही, दुसरीकडे हलवता येत नाही, अशी मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटल्याशिवाय त्याला मारण्याचा आदेश देता येत नाही. बिबट्या त्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीतला. त्याला बेकायदा मारलं तर ३ ते ७ वर्षांची कैद. दादाच्या एका ओळीवर विसाव्या वर्षाची पोरं त्या वाटेला लागली होती.

मी ग्रुपवर हे सगळं लिहिलं. दादाचं उत्तर आलं, “हंट म्हणजे शिकार. पाचवीतल्या पोराला विचार.” आणि त्याखाली लोकांचे अंगठे.

सकाळी पहिल्या एसटीने गेले. ग्रामपंचायतीसमोर उभी राहिले आणि आदेश एकेक वाक्य करून मराठीत वाचला. जिथे ‘हंट’ आलं तिथे ‘पिंजरा लावून वा भूल देऊन पकडणे’ असं पूर्ण म्हटलं, कारण मूळ आदेशाचा अर्थ तोच होता. वनरक्षक शेजारी उभा होता, तो मान डोलवत होता. पोरं ऐकत होती. दुपारी त्यांनी स्वतः बांधावरचे फास काढले. एका फासात कुणाचं तरी कुत्रं निघालं, जिवंत, पण वायर कमरेत रुतलेली. बिबट्या पुढे पिंजऱ्यात सापडला आणि त्याला नेलं.

दादाने आजपर्यंत मान्य केलेलं नाही. लग्नकार्यात भेटला की म्हणतो, “कायद्याची इंग्रजी वेगळी, आपली वेगळी.” नाही, दादा. रोजच्या इंग्रजीतही ‘हंट’मध्ये मारणं असावंच लागत नाही. जॉब हंटिंग, हाउस हंटिंग, ट्रेझर हंट यांत कोण मरतं? ‘मॅनहंट’ म्हणजे फरार माणसासाठी चाललेली मोठी शोधमोहीम, त्याला ठार मारायची मोहीम नव्हे. ‘हंट’मध्ये असतं ते मागे लागणं, हाती येईपर्यंत पिच्छा न सोडणं. आपल्या ‘शिकार’ शब्दाला मात्र रक्त चिकटलेलं आहे, ते आपण इंग्रजी शब्दावर थापतो.

आणि खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांमध्ये तरी एकमत कुठे आहे? इंग्लंडमध्ये नुसतं ‘हंटिंग’ म्हटलं की घोड्यावरून, कुत्र्यांचा कळप सोडून कोल्ह्याच्या मागे जाणं. बंदुकीने पक्षी टिपणं तिथे ‘शूटिंग’, हरणामागे दबकत जाणं ‘स्टॉकिंग’. अमेरिकेत या सगळ्याला ‘हंटिंग’च म्हणतात. म्हणून इंग्लंड-वेल्सचा २००४ चा हंटिंग ॲक्ट वाचून कुणी म्हणालं की तिथे शिकारच बंद झाली, तर ते चूक आहे. त्या कायद्याने कुत्र्यांच्या मदतीने रानटी सस्तन प्राण्यांची शिकार करण्यावर बंदी घातली, बंदूक चालूच राहिली.

आता तुमचे बाकीचे शब्द. मराठीत एकच शब्द, हे तुमचं म्हणणं मला सगळ्यात जास्त खटकलं. ‘ट्रॅक’ म्हणजे माग काढणे. ‘स्काउर’ आणि ‘कोम’ (comb) म्हणजे परिसर पिंजून काढणे, आणि ‘सर्च’सारखंच यांच्यापुढेही जागा येते, हरवलेली वस्तू ‘फॉर’नंतर. ‘रमेज’ म्हणजे उचकापाचक करणे. ‘ग्रोप’ म्हणजे अंधारात चाचपडणे. ‘लुक इन्टू’ म्हणजे चौकशी करणे. ‘पोचिंग’ म्हणजे चोरटी शिकार. ‘लुक फॉर’ला आपल्याकडे हुडकणे, धुंडाळणे असे दोन घरचे शब्द आहेत आणि आपण दोन्ही विसरत चाललोय.

‘सीक’पुढे तर निम्म्या वेळा ‘शोधणे’ चालतच नाही. ‘सीक परमिशन’ म्हणजे परवानगी मागणे, ‘सीक ॲडव्हाइस’ म्हणजे सल्ला घेणे, ‘सीक रेफ्यूज’ म्हणजे आश्रय घेणे. हरवलेल्या किल्ल्या कुणी ‘सीक’ करत नाही.

‘चेस’ आणि ‘स्टॉक’ दोन्ही पाठलाग, पण ‘चेस’ उघड आणि पळत, ‘स्टॉक’ लपून (stalk, उच्चारात एल येत नाही). हे नीट लक्षात घ्या, कारण ‘स्टॉकिंग’ हा आता गुन्हा आहे. २०१३ साली तो भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड म्हणून आला, आता भारतीय न्याय संहितेत कलम ७८ आहे. चोराच्या मागे धावलेल्या माणसाला ‘स्टॉकर’ लिहिलेलं एक भाषांतर माझ्याकडे दुरुस्तीला आलं होतं. यादीचाच प्रताप.

नाशिककरांना तर हे कळायला पंचवटीच पुरे. राम सोन्याच्या हरणामागे गेला, तो ‘चेस’, तो ‘हंट’. नांदूर मध्यमेश्वरच्या मृगव्याधेश्वराबद्दल लोक सांगतात की त्या मृगाला बाण लागला तो इथेच. परत आला तर पर्णकुटी रिकामी. मग झाडांना, वेलींना विचारत सीतेसाठी फिरला, तो ‘सर्च’. तिथे ‘हंटेड सीता’ लिहिलं तर अर्थाचा अनर्थ होतो. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी हीच गोष्ट इंग्रजीत लिहायला लावते. प्रत्येक क्रियापदापुढे काय येतं ते बघायचं: जागा, वस्तू, की जीव वाचवून पळणारं कुणी. एवढं केलं की पुढे विचारावं लागत नाही.

काही गोष्टी राहिल्या. ‘हंट फॉर’ हरवलेल्या वस्तूंसाठीही चालतं, किल्ल्यांसाठीसुद्धा, फक्त त्यात घाई आणि धडपड असते. कायद्याबद्दल वर लिहिलंय त्यावरून कुणी घाबरू नका: स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्भावनेने प्राणी मारला गेला किंवा जखमी झाला तर तो गुन्हा नाही, तेही कलम ११ मध्येच आहे. आणि हो, परीक्षेत समानार्थी शब्द विचारतात, त्याचे गुण यादीतून मिळतील, ते नाकारत नाही. मग यादी ठेवायचीच असेल तर प्रत्येक शब्दापुढचं ‘शोधणे’ खोडा आणि तिथे एक अख्खं वाक्य लिहा.

ती यादी कुठल्या क्लासमध्ये मिळाली तेही खाली लिहा. नाशिकचाच असेल तर उद्या त्या सरांना विचारा, अंगझडतीला इंग्रजीत काय म्हणतात.